मोटारीचा कॉम्प्रेसर स्वतः बदलणें



मोटारींत बसून काचा वर केल्या व एक कळ दाबली कीं थंड वारा येऊं लागतो, ही गोष्ट आतां आपणांपैकीं पुष्कळांच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तो वारा बंद पडला म्हणजेच त्याची आठवण होते. प्रस्तुत लेखकास ती आठवण गेल्या वर्षीं वैशाखांत सोलापूरहून पुण्यास परत येतांना झाली. टेंभुर्णी मागें पडली होती; इंदापूर यावयाचें होतें. मागील आसनावर माझी वृद्ध आई व दोन मुलें होतीं. बॉनेटखालून प्रथम करकर असा आवाज आला, मग जळक्या रबराचा वास आला, आणि पाठोपाठ जाळींतून आगीसारखा वारा सुटला. आईच्या डोक्यावर ओला पंचा ठेवून, दर अर्ध्या तासानें सावली शोधून थांबत थांबत आम्हीं घर गांठलें. घरीं येऊन पाहतों तों यंत्राचा कॉम्प्रेसर जाम झालेला.

हा कॉम्प्रेसर मीं स्वतःच्या हातानें बदलला. एकदां नव्हे, दोनदां. पहिला प्रयत्न फसला, व तो कां फसला हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें. विज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यानें अशी चूक करावी ही गोष्ट भूषणावह नाहीं. परंतु ती लपवून ठेवली तर तुम्हांस तिचा उपयोग कांहींच होणार नाहीं.

आधीं हें यंत्र करतें काय तें पाहूं. तें थंडी निर्माण करतें असा सार्वत्रिक समज आहे, पण थंडी अशी वस्तु निर्माण करतां येत नाहीं. यंत्र एवढेंच करतें कीं, मोटारीच्या आंतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतें. तळहातावर स्पिरिटाचे चार थेंब टाकून फुंकर मारा. हात गार लागतो. स्पिरिटाची वाफ होण्यास जी उष्णता लागते ती तें तुमच्या हातापासून घेतें. आपल्या घरचा माठ याच न्यायानें पाणी गार ठेवतो. द्रवाची वाफ होतांना अशी जी उष्णता गडप होते तिला सुप्त उष्णता म्हणतात, व तिचा पद्धतशीर अभ्यास स्कॉटलंडमध्यें जोसेफ ब्लॅक यानें अठराव्या शतकांत केला. माठांतील पाणी मात्र वाफ होऊन निघून जातें व सकाळीं माठ पुन्हां भरावा लागतो. तीच वाफ धरून, दाबून, पुन्हां द्रव करून परत वापरतां आली तर? हें करणाऱ्या यंत्राचें पेटंट जेकब पर्किन्स यानें इंग्लंडांत 1834 सालीं घेतलें. आज मोटारींत जें चालतें तें तत्त्वतः त्याचेंच यंत्र होय.

मोटारींत स्पिरिटाऐवजीं एक विशेष पदार्थ घालतात. व्यवहारांत त्याला नुसतें गॅस म्हणतात. पुष्कळ मोटारींत तो 134ए या नांवाचा असतो. साध्या हवेच्या दाबाखालीं तो शून्याखालीं 26 अंशांवरच उकळूं लागतो. समोरच्या फळीच्या आड जी कूलिंग कॉइल असते तींत हा द्रव कमी दाबाखालीं, म्हणजे दर चौरस इंचास सुमारें 30 पौंड दाबाखालीं, शून्य अंशाच्या आसपास उकळतो व तिच्यावरून जाणाऱ्या हवेंतील उष्णता शोषून घेतो. झालें, आपणांस गार वारा मिळाला. आतां ही शोषलेली उष्णता बाहेर टाकावयाची. पण बाहेर तर 42 अंशांचें ऊन! उष्णता आपण होऊन गार वस्तूकडून गरम वस्तूकडे जात नाहीं, हें तुम्हीं नववींत शिकलांच आहां. येथेंच कॉम्प्रेसरची गरज लागते. तो ती वाफ ओढून घेतो व इतकी दाबतो कीं, भर उन्हाळ्यांत तिचा दाब 200 ते 250 पौंडांपर्यंत चढतो, व ती बाहेरील हवेहूनही पुष्कळ जास्त तापते. मग मोटारीच्या तोंडाशीं, रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या कंडेन्सरमधून जातांना ती आपली उष्णता त्या 42 अंशांच्या हवेसही देऊं शकते, व देतां देतां पुन्हां द्रव होते. तो द्रव एका बारीक छिद्राच्या झडपेंतून कॉइलींत सोडला कीं दाब एकदम पडतो व चक्र पुन्हां सुरू होतें.

यावरून ध्यानांत येईल कीं या सर्व साखळींत अंगमेहनत करणारा गडी एकच, तो कॉम्प्रेसर. इंजिनाच्या पट्ट्यानें त्याची पुली सदैव फिरत असते. आपण कळ दाबली म्हणजे पुलीच्या पुढील चुंबकाचा क्लच तिला चिकटतो व आंतील दट्ट्ये चालूं लागतात. (अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें 1939 सालीं, पुढील वर्षाच्या नमुन्यांत, प्रथम असें यंत्र मोटारींत बसवून विकलें, तेव्हां हा क्लच नव्हता. थंडावा नको झाला तर इंजिन बंद करून, खालीं उतरून, पट्टा हातानें काढून ठेवावा लागे!) या दट्ट्यांना तेल हवें. तें तेल इंजिनाच्या तेलासारखें तळाशीं सांठवून ठेवलेलें नसतें. तें गॅसमध्यें मिसळून त्याच्याबरोबर सर्व नळ्यांतून फिरत फिरत कॉम्प्रेसरकडे परत येतें. ही एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवा, कारण माझ्या सर्व चुकीचें मूळ तिच्यांतच आहे.

आमच्या मोटारीचा थंडावा दोन वर्षें उन्हाळा आला कीं कमी पडत असे. दोन्ही वेळां मीं एका दुकानांत जाऊन गॅस भरून घेतला. दुकानदार म्हणाला, "गॅस संपला होता," व मींही मान डोलावली. वस्तुतः गॅस कधींही संपत नाहीं. तो पेट्रोलसारखा जळत नाहीं, कीं खर्च होत नाहीं. तो बंद नळ्यांतून फिरतच राहतो. पट्ट्यानें फिरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या दांड्याशीं व रबरी नळ्यांतून अनेक वर्षांत थोडासा झिरपतो हें खरें. पण एका वर्षांत थंडावा कमी पडण्याइतका गॅस जर गेला, तर तो कोठून तरी गळाला हें निश्चित, व जेथून गॅस गळतो तेथून तेलही गळतें. शिवाय गॅस कमी असला म्हणजे उरलेलें तेल कॉम्प्रेसरपर्यंत नीट परत येत नाहीं, व येणारी गार वाफ जी त्याला थंड ठेवते तीही कमी पडते. मीं दोनदां गॅस भरविला. गळती शोधविली नाहीं. तेल घातलें नाहीं. याप्रमाणें तिसऱ्या उन्हाळ्यांत इंदापूरच्या अलीकडे जें घडलें त्याची तयारी मीं दोन वर्षें पैसे देऊन करीत होतों.

परंतु हें ज्ञान मला मागाहून झालें. पहिल्या वेळीं मीं एवढेंच पाहिलें कीं कॉम्प्रेसर अडकला आहे, व तो बदलला कीं काम झालें.

कॉम्प्रेसरच बिघडला आहे हें मात्र आधीं नीट ठरवावें लागतें. थंडावा येत नाहीं म्हणून चांगला कॉम्प्रेसर काढून टाकणारे लोक थोडे नाहींत. क्लच चिकटत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा, मग रिले, मग क्लचच्या वेटोळ्याचा विद्युत्-विरोध. तो साधारणतः तीन ते पांच ओहमच्या दरम्यान असतो. अनंत आला तर तार तुटली आहे. गॅस फार कमी झाला तर दाबाची एक कळ यंत्र मुद्दाम चालूं देत नाहीं, तोही कॉम्प्रेसरचा दोष नव्हे. इंजिन बंद करून क्लचची पुढची चकती हातानें फिरवून पाहावी. ती किंचित् जड पण सलग फिरली तर आंतील भाग जिवंत आहे. आमची चकती दोन्ही हातांनीं हालेना. पुली मात्र मोकळी फिरत होती, म्हणून क्लचची तार काढून ठेवून गाडी चालवितां येत होती. पुलीचेंच बेअरिंग गेलें असतें तर ती ओढूनच न्यावी लागली असती.

आतां नळी खोलण्यापूर्वीं गॅस काढावयाचा. येथें माझा आग्रह आहे कीं हें काम घरीं करूं नये. नळीची जोडणी सैल केली कीं गॅस फस्सदिशी निघून जाईल, पैसे पडणार नाहींत, हें खरें. पण तो अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यांत गेला तर डोळा जातो, कोंडलेल्या जागेंत श्वास गुदमरतो, व ज्योतीशीं आला तर त्याचे विषारी वायु होतात. याखेरीज एक हिशेब आहे, तो वहींत करून पाहा. 134ए हा गॅस शंभर वर्षांच्या मानानें पाहतां कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें 1430 पट उष्णता वातावरणांत अडकवून ठेवतो. आमच्या लहान मोटारींत तो 450 ग्रॅम मावतो. म्हणजे तो हवेंत सोडणें हें सुमारें 643 किलो कार्बन डायॉक्साइड सोडण्यासारखें झालें. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें 2.3 किलो कार्बन डायॉक्साइड होतो. भागाकार करा : 280 लिटर पेट्रोल! लिटरास 15 किलोमीटर धरले तर 4200 किलोमीटरांचा प्रवास, एका क्षणांत. पूर्वीं जो 12 क्रमांकाचा गॅस वापरीत तो तर ओझोनच्या थरासच खात असे. मोलिना व रोलंड यांनीं 1974 सालीं हा धोका दाखवून दिला, 1987 सालीं माँट्रियल येथें राष्ट्रांचा करार झाला, म्हणून त्याच्या जागीं 134ए आला; आणि 2016 सालच्या किगालीच्या दुरुस्तीनें आतां यालाही हळूहळू निरोप देण्याचें ठरलें आहे. सुसज्ज कारखान्यांत गॅस ओढून टाकींत भरून त्याचें वजन सांगणारें यंत्र असतें. तेथें जाऊन तो काढवून घ्यावा व घरीं यावें. गॅस नसतांना मोटार खुशाल चालते. आमच्या मोटारींतून 450 पैकीं अवघा 190 ग्रॅम गॅस निघाला. हाही इशाराच होता. मीं तो ऐकला नाहीं.

यापुढील काम मात्र पाना धरतां येणाऱ्या कोणासही जमण्यासारखें आहे. बॅटरीचें ऋण टोक काढावें. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा फिरला आहे याचें चित्र कागदावर काढून मगच तो उतरवावा. हें चित्र न काढल्याचा पश्चात्ताप मीं इतरांस करतांना पाहिला आहे. क्लचची तार सोडावी. कॉम्प्रेसरला दोन नळ्या येतात, एक जाड व एक बारीक. डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे घालून त्या हळूहळू सैल कराव्या, व निघतांक्षणींच त्यांचीं तोंडें स्वच्छ प्लॅस्टिकनें व रबरानें बांधून टाकावीं. हें तेल हवेंतील दमट अंश अधाशासारखें शोषून घेतें, व आंत गेलेलें पाणी पुढें गॅस व तेल यांशीं मिसळून आम्ल तयार करतें. मग तीन-चार बोल्ट काढले कीं पांच-सहा किलोंचें धूड हातांत येतें. आमच्या गाडींत तें खालून काढावें लागलें. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीही, केव्हांही, क्षणभरही जाऊं नये. खालीं भक्कम घोडे लावावे.

जुना व नवा कॉम्प्रेसर शेजारीं शेजारीं ठेवून बोल्टांचे कान, पुलीच्या खाचा, नळ्यांचीं तोंडें जुळवून पाहिलीं. जुन्यांतील तेल प्रयोगशाळेंतील मापकांत ओतलें. फक्त 18 घनसेंटिमीटर निघालें, व तें काळें होतें. उजेडांत धरलें तर त्यांत चांदीच्या कणांसारखें कांहीं चमकत होतें. ॲल्युमिनियमचा चुरा! या ठिकाणीं मीं थांबावयास हवें होतें. तेल इतकें थोडें कां, व हा चुरा आणखी कोठें कोठें गेला असेल, हे दोन प्रश्न वर्गांतील कोणत्याही चलाख मुलानें विचारले असते. मला घाई झाली होती, व आपण पैसे वांचविले याचा थोडा गर्वही झाला होता. नवा कॉम्प्रेसर बसविला, गॅस भरवून आणला, गार वारा आला. घरांत सर्वांनीं कौतुक केलें.

तें कौतुक एकोणीस दिवस टिकलें. विसाव्या दिवशीं तीच करकर पुन्हां ऐकूं आली.

या वेळीं मी एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं काढलेल्या नळींत बोट घातलें व तें माझ्यापुढें धरलें. बोटावर काळी चकाकती शाई लागली होती. "मास्तर, मढ्याजागीं दुसरा माणूस निजवलात, पण रोग अंथरुणांतच राहिला," ते म्हणाले. मीं विचारलें, "मिस्त्री, नळ्या धुतल्या तर?" ते म्हणाले, "नळ्या धुतां येतील. कॉइल धुतां येईल. कंडेन्सर कसा धुवाल? त्याचीं भोकें पाहा." हल्लींच्या कंडेन्सरांत पातळ चपट्या पट्ट्या असतात व प्रत्येक पट्टींत सुईएवढ्या अनेक वाटा. एक वाट चुऱ्यानें बुजली तर धुण्याचा द्रव शेजारच्या मोकळ्या वाटेनें निघून जातो. चुरा तेथेंच राहतो, व यंत्र चालूं लागलें कीं सुटून नव्या कॉम्प्रेसरच्या घशांत जातो. मग त्यांनीं कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखविलें. तेथें खड्याचा मार लागून एक तेलकट डाग पडला होता. दोन वर्षें गॅस व तेल जेथून जात होतें ती जागा हीच.

म्हणून दुसऱ्या वेळीं काम निराळें झालें. कंडेन्सर नवा घेतला. गॅसमधील पाणी टिपणारी जी ड्रायर नांवाची कुपी असते ती नवी घेतली. ती एकदां उघड्या हवेंत राहिली कीं थोड्याच वेळांत हवेंतील ओल पिऊन निरुपयोगी होते, म्हणून यंत्रणा उघडली कीं ती बदलावीच. प्रसरण-झडप काढून पाहिली तों तिची जाळी चुऱ्यानें भरलेली, तीही बदलली. राहिलेल्या नळ्या व कॉइल, यासाठींच मिळणाऱ्या द्रवानें उलट-सुलट धुवून, कोरड्या नायट्रोजननें फुंकून काढल्या. (रॉकेल किंवा पेट्रोल येथें चालत नाहीं, आणि टायरच्या दुकानांतील हवेंत पाणी असतें.) जोडाजोडाच्या ओ-रिंगा सर्व नव्या, याच गॅसला चालणाऱ्या, व बसविण्यापूर्वीं त्याच तेलांत बुडविलेल्या, कोरडी कडी पिळवटते व तेथूनच गळते. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर जोर करूं नये. पुस्तकांत दिला आहे तेवढाच पीळ द्यावा.

तेलाचा प्रश्न सर्वांत नाजूक. सामान्य नियम असा कीं जुन्यांतून जेवढें निघालें तेवढेंच नव्यांत ठेवावें, कारण बाकीचें नळ्यांत असतेंच. नव्या कॉम्प्रेसरांत पुष्कळदां सर्व यंत्रणेचें तेल भरूनच येतें; तसेंच बसविलें तर तेल जास्त होऊन थंडावा कमी पडतो. पण आमच्या बाबतींत नळ्या धुतल्यामुळें आंत एक थेंबही राहिला नव्हता. म्हणून पुस्तकांत सांगितलेलें पूर्ण माप, त्यांत सांगितलेल्याच जातीचें, घातलें. मग पुढची चकती हातानें दहा-बारा वेळां फिरविली, म्हणजे दट्ट्यावर सांचलेलें तेल बाजूस सरतें. द्रव दाबला जात नाहीं, त्यानें झडपा फुटतात.

शेवटचें काम पुन्हां कारखान्यांत. प्रथम नायट्रोजन भरून सर्व जोडांना साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडा कोठें आला नाहीं. नंतर निर्वात-पंप पाऊण तास चालविला. हें कां, तें सांगतों. 30 अंश उष्णतेंत पाणी उकळावयास लावावयाचें तर हवेचा दाब 760 मिलिमीटरांवरून 32 मिलिमीटरांखालीं आणावा लागतो. पंप तो त्याहून पुष्कळ खालीं नेतो, म्हणजे नळ्यांतील ओल त्या गारव्यांतच उकळून वाफेच्या रूपानें ओढली जाते. पंप बंद करून आम्हीं आणखी वीस मिनिटें कांट्याकडे पाहत बसलों. तो हालला नाहीं. मग बॉनेटखालच्या चिठीवर लिहिलेला बरोबर 450 ग्रॅम गॅस तराजूनें मोजून भरला. दाबाच्या कांट्यावरून अंदाजानें गॅस भरणाऱ्यांवर माझा विश्वास उरला नाहीं. यंत्र बंद असतां 30 अंशांवर कांटा सुमारें 97 पौंड दाखवितो, आंत द्रव शंभर ग्रॅम असो कीं चारशें. तो उष्णता सांगतो, वजन सांगत नाहीं.

आणखी एक सूचना, विशेषतः पालकांसाठीं. विजेवर चालणाऱ्या मोटारींत कॉम्प्रेसरला पट्टा नसतो. तो शेंकडों व्होल्टांच्या विजेवर चालतो, त्याच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात, व त्याचें तेलही निराळें असतें. त्यास घरीं मुळींच हात लावूं नये. तसेंच कांहीं नव्या गाड्यांत 1234वायएफ हा गॅस असतो. तो थोडासा ज्वालाग्राही आहे. चिठी वाचल्याशिवाय पाना उचलूं नये.

हिशेब विचाराल तर दोन कॉम्प्रेसर, एक कंडेन्सर व दोनदां भरलेला गॅस मिळून मला जो खर्च आला, त्यांत पहिल्याच दिवशीं कारखान्यांतून सर्व काम करून घेऊन वर कांहीं रुपये उरले असते. मात्र त्या पहिल्या वर्षीं, केवळ गॅस कमी झाला होता तेव्हांच, तो डाग कोणी शोधला असता तर फक्त एका कंडेन्सरवर भागलें असतें.

यंदा मार्गशीर्षांत व पुन्हां फाल्गुनांत मीं उष्णतामापक जाळींत धरून पाहिला; बाहेर 36 अंश असतां वारा 8 अंशांचा येत होता. आई आतां सोलापूरास जावयाचें म्हणते. जुना कॉम्प्रेसर करवतीनें उभा कापून प्रयोगशाळेच्या दुसऱ्या कपाटांत, खालच्या फळीवर ठेविला आहे. त्याच्या दट्ट्यांवरील चरे व तो चांदीसारखा चुरा ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं मधल्या सुट्टींत यावें. किल्ली माझ्याकडे आहे.